क्रिटोचे मौन

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे इतके रुळले आहे की ते प्रथम कोणी आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. मुलगी दाखविण्याच्या समारंभापासून संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत ते सर्वत्र उपयोगी पडते. अध्यक्ष ठराव वाचतात, ‘कोणास काही म्हणावयाचे आहे काय?’ असे विचारून क्षणभर थांबतात, आणि ठराव एकमताने संमत झाल्याची नोंद इतिवृत्तात होते. अशी इतिवृत्ते आम्हीही पुष्कळ लिहिली आहेत. त्या क्षणभराच्या शांततेत कोण पटल्यामुळे गप्प होता, कोण कंटाळून, कोण भिऊन आणि कोण चहाची वाट पाहत, याची नोंद ठेवण्याचा रकाना इतिवृत्ताच्या वहीत नसतो.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासमंडळात दोन छोट्या कृती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा योग आला. एक प्लेटोचा ‘क्रिटो’ हा संवाद आणि दुसरी हेन्री डेव्हिड थोरो याचा १८४९ मधील निबंध, जो आपल्याकडे ‘सविनय कायदेभंग’ या नावाने परिचित आहे. दोहोंमध्ये सव्वादोन हजार वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही मिळून एका दीर्घ संध्याकाळी वाचून होतात. महाविद्यालयात असताना आम्हांस या दोन कृती परस्परविरुद्ध म्हणून शिकविण्यात आल्या होत्या. सॉक्रेटीस म्हणतो कायदा पाळा, थोरो म्हणतो मोडा; विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू मांडून मध्यम मार्ग सुचवावा आणि गुण घ्यावेत. आता या वयात त्या पुन्हा वाचताना आम्हांस ही मांडणी अपुरी वाटू लागली. पाळणे अथवा मोडणे हा दोहोंतही नंतरचा प्रश्न आहे. मनुष्य गप्प राहिला, गाव सोडून गेला नाही, रस्त्याने चालला, म्हणजे त्याने राज्यसत्तेस होकार दिला काय, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर शोधताना दोन्ही लेखकांच्या हातून एकच व्यक्ती नजरेआड होते, असे आमचे म्हणणे आहे.

‘क्रिटो’ची कथा प्रसिद्धच आहे. इ. स. पूर्व ३९९. सॉक्रेटिसास मृत्युदंड झाला आहे. परंतु डेलॉस बेटाकडे गेलेले पवित्र गलबत परत येईपर्यंत अथेन्समध्ये कोणाचा वध करावयाचा नाही असा रिवाज असल्यामुळे शिक्षा लांबली आहे. गलबत येण्याच्या बेतात आहे. पहाटेच्या अंधारात त्याचा जुना स्नेही क्रिटो तुरुंगात येतो, आणि सॉक्रेटीस गाढ झोपलेला पाहून त्याला न उठविता उशाशी बसून राहतो. जागे झाल्यावर तो सांगतो की पैशाची व्यवस्था झाली आहे, पहारेकऱ्यांचे भागले आहे, थेसलीमध्ये आमची माणसे आहेत, मुलांचा विचार कर, आणि आज रात्री निघ. सॉक्रेटीस त्यावर वाद मांडतो. थोड्या वेळाने त्याच्या मुखातून अथेन्सचे कायदेच बोलू लागतात आणि संवादाचा उरलेला भाग बहुतांशी त्यांचे भाषण होऊन बसतो.

कायद्यांचे म्हणणे दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार असा : आमच्यामुळे तुझ्या आईबापांचा विवाह झाला, तुझा जन्म झाला, तुझे पालनपोषण व शिक्षण झाले, म्हणून तू आमचे अपत्य आहेस, किंबहुना दास आहेस. दुसरा असा : वयात आल्यावर, नगरीचा कारभार डोळ्यांनी पाहिल्यावर, ज्याला तो पसंत नसेल त्याने आपली चीजवस्तू घेऊन वाटेल तिकडे जावे अशी आम्ही मोकळीक ठेवली आहे, तू सत्तर वर्षे येथे राहिलास, लष्करी मोहिमा सोडल्या तर गावाबाहेर फारसा गेला नाहीस, येथेच तुला मुले झाली, खटल्यात हद्दपारीची शिक्षा मागून घेण्याची संधी असूनही तू ती मागितली नाहीस, तेव्हा तू शब्दाने नव्हे तर कृतीने आमच्याशी करार केला आहेस.

हे दोन्ही युक्तिवाद कायदे एका दमात सांगतात, आणि वाचकही ते एका दमात स्वीकारतो. परंतु ते एकमेकांशेजारी सुखाने नांदणारे नाहीत. बापाशी मुलाने करार केलेला नसतो. म्हणून राज्य हे बाप असेल तर कराराची भाषा फुकट आहे. उलट कराराची गरज पडत असेल, तर जन्म व पालनपोषण यांनी काम भागत नाही असे कायद्यांनीच मान्य केले म्हणावयाचे. प्लेटोसारख्या कसबी लेखकाला ही फट दिसली नसेल असे आम्हांस वाटत नाही. त्याने ती ठेवली, कारण सत्ता नेहमी असेच बोलते. मायेची भाषा कमी पडू लागली की ती कागद दाखविते, आणि कागदावर सही सापडेना तेव्हा पुन्हा मायेवर येते.

तथापि या भाषणात एक वाक्यखंड आहे व तो पुन्हा पुन्हा येतो. घाईने वाचणाऱ्यांच्या तो हातून निसटतो. नागरिकाने एक तर आमची समजूत पटवावी, नाही तर आम्ही सांगतो ते करावे, असे कायदे म्हणतात. केवळ ‘करावे’ असे ते म्हणत नाहीत. सॉक्रेटिसाच्या आज्ञापालनाचा गौरव करणाऱ्यांनी हा पहिला पर्याय बहुधा गाळलेला असतो. समजूत पटविण्याची वाट खुली आहे, तोवरच राहणे म्हणजे होकार, असा या कराराचा खरा अर्थ होतो. आता ती वाट कितपत खुली होती हे पाहावयाचे, तर ‘अपॉलॉजी’मधील त्याची तक्रार आठवावी. देहान्ताचे खटले एका दिवसात निकालात काढू नयेत असा नियम इतर ठिकाणांप्रमाणे तुमच्यातही असता तर मी तुमची खात्री पटविली असती, असे तो न्यायसभेस सांगतो. केवळ तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. एका दिवसाची मुदत देऊन जी सत्ता सत्तर वर्षांचा करार पुढे करते, तिच्या बाजूने बोलताना सॉक्रेटिसास मनातून काय वाटले असेल, हे प्लेटो सांगत नाही.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक शाळेत एक सूचनावही असते. मुख्याध्यापक तीत सूचना लिहितात, शिपाई ती वर्गावर्गांतून फिरवितो, आणि शिक्षक तिच्याखाली सही करतात. त्या सहीचा अर्थ ‘वाचले’ इतकाच. परंतु आम्ही मुख्याध्यापक मंडळी तो ‘मान्य’ असा करतो, आणि पुढे वाद झाला की ‘तुमची सही आहे’ म्हणून वही उघडून दाखवितो. काही वर्षांपूर्वी रविवारच्या कामाविषयीच्या आमच्या एका सूचनेखाली एका तरुण शिक्षकाने सही केली आणि पुढे तीन शब्द लिहिले : ‘वाचले, मान्य नाही.’ आम्हांस राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. वहीचे ते पान इतर शिक्षक पाहतील या विचाराने अधिकच आला. रविवारी मात्र तो गृहस्थ सर्वांच्या आधी हजर होता आणि त्याने नेमून दिलेले काम चोख केले. त्यावर त्याला काय बोलावे हे आम्हांस सुचेना, आणि आम्ही काही बोललो नाही. ‘क्रिटो’मधील तो वाक्यखंड आम्हांस त्या वहीमुळे कळला, पुस्तकामुळे नव्हे.

सॉक्रेटिसाचे स्वतःचे वर्तनही ‘क्रिटो’वरून वाटते तितके सरळ आज्ञाधारक नव्हते. तत्त्वचिंतन सोडून देण्याच्या अटीवर तुम्ही मला सोडणार असाल तर ती अट मी पाळणार नाही, असे त्याने त्याच न्यायसभेत बजावले होते. आणि त्याहून बोलका प्रसंग लिऑनचा. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सची सत्ता तीस जुलमी पुरुषांच्या हाती गेली तेव्हा त्यांनी सॉक्रेटीस व आणखी चौघे यांना बोलावून आज्ञा केली की सालामिस येथील लिऑन याला वधासाठी पकडून आणा. जितक्या अधिक लोकांचे हात आपल्या पापात बुडतील तितके त्यांना हवेच होते. चौघे सालामिसला गेले आणि लिऑनला घेऊन आले. सॉक्रेटीस घरी गेला. त्याने भाषण केले नाही, निषेध नोंदविला नाही; तो तेथून निघाला आणि आपल्या घराच्या वाटेला लागला. हेही मौनच आहे. परंतु या मौनास संमती म्हणण्याचे धाडस कोण करील? उलट ज्या चौघांनी आज्ञा पाळली त्यांच्यापैकीही कोणी ‘होय’ असा शब्द उच्चारला असेल असे नाही. ते फक्त चालू लागले. मौनाचा अर्थ पाय कोणत्या दिशेला वळले यावरून लागतो.

राहणे म्हणजेच संमती, या मताला पुढे युरोपात मोठी प्रतिष्ठा मिळाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉकने ते इतके ताणले की राजरस्त्यावरून मोकळेपणे प्रवास करणारा परकाही तेवढ्यापुरती मूक संमती देतो असे त्याने लिहून ठेवले. ह्यूमने १७४८ मध्ये त्याचा समाचार घेतला. ज्या गरीब मजुराला परक्या देशाची भाषा येत नाही, रीतिरिवाज ठाऊक नाहीत, आणि जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्याला देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे, म्हणजे झोपेत गलबतावर आणून टाकलेल्या मनुष्यास, तू समुद्रात उडी घेतली नाहीस त्या अर्थी कप्तानाची हुकमत तुला मान्य आहे असे सांगण्यासारखे होय. या दृष्टान्तानंतर मूक संमतीच्या सिद्धांतात फारसा जीव राहिला नाही, असे आमचे मत आहे. आश्चर्य एवढेच की राज्यकर्त्यांनी मात्र तो कधी टाकला नाही.

गोमंतकीय वाचकांस हे उदाहरण देऊन सांगण्याची गरज नसावी. पोर्तुगीज अमदानीत या भूमीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली. ती पोटासाठी गेली. जी राहिली ती शेताभातासाठी, देवघरासाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी राहिली. जाण्यात नकार नव्हता आणि राहण्यात होकार नव्हता. सालाझारच्या राजवटीत छपाईवर पूर्वतपासणी होती, लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी दाखवावी लागे, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही लहानपणी ऐकले आहे. अशा प्रदेशातील शांततेस संतोष हे नाव देणे किती सोपे! १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया बंदी असताना सभेत बोलावयास उभे राहिले आणि पकडले गेले, त्या दिवशी लोकांना नवा विचार कळला असे नाही. त्यांच्या इतक्या दिवसांच्या गप्प राहण्याचा लावला गेलेला अर्थ चुकीचा होता, एवढे त्या दिवशी जाहीर झाले.

पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी याच भूमीत लोकांस रीतसर विचारण्यात आले की महाराष्ट्रात जावयाचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावयाचे. ३४,०२१ मतांच्या आधिक्याने वेगळे राहण्याचा कौल पडला. या नियतकालिकाच्या वाचकांत त्या वेळी विलीनीकरणाच्या बाजूने झटलेल्या घरांतील मंडळी पुष्कळ असतील. ती येथेच राहिली, कर भरीत आली, मुलांस शाळेत घालीत आली. त्यांचे हे राहणे संमती आहे काय? आमच्या मते आहे, आणि ते कायद्यांच्या करारापेक्षा वरच्या प्रतीचे आहे. कारण त्यांना विचारले गेले होते, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे ‘नको’ मोजले गेले होते. सीमाभागातील आमच्या बांधवांस १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा असे कोणी विचारले नाही, आणि तरीही तेही आपापल्या गावी राहिले. दोन्हीकडचे राहणे बाहेरून सारखेच दिसते.

आता थोरोकडे वळू. जुलै १८४६ मध्ये, वॉल्डन तळ्याकाठी राहत असताना, तो चांभाराकडे दुरुस्तीस दिलेला जोडा आणण्यासाठी काँकर्ड गावात आला. डोईपट्टी सहा वर्षे थकविल्याबद्दल सॅम स्टेपल्स या अधिकाऱ्याने त्याला अटकेत ठेवले. हा स्टेपल्स त्याच्या ओळखीचा. हवे तर पैसे मी भरतो असेही तो म्हणाल्याचे सांगतात. थोरोने नाकारले. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर नुकतेच युद्ध लादलेल्या सरकारास आपला पैसा जाऊ नये, ही त्याची भूमिका. चुन्याने पांढऱ्या केलेल्या त्या खोलीत, धान्याचे कोठार जाळल्याच्या आरोपावरून ठेवलेल्या एका सोबत्याबरोबर, त्याने एक रात्र काढली.

निबंधातील हे रात्रीचे वर्णन वाङ्मय म्हणून त्याचा सर्वांत सरस भाग आहे. जन्मभर पाहिलेले गाव तो खिडकीतून प्रथमच पाहतो. शेजारच्या खाणावळीतील बोलणी ऐकतो. गावच्या घड्याळाचे ठोके मोजतो. तत्त्वज्ञानाचा आवेश येथे गळून पडतो आणि एक कुतूहलाने भरलेला मनुष्य उरतो. सकाळी सुटल्यावर तो दुरुस्त झालेला जोडा घेतो, रानफळे वेचावयास निघालेल्या मंडळींबरोबर जातो, आणि अर्ध्या तासात एका टेकडीवर पोचतो, जेथून राज्यसत्ता कोठेच दिसत नाही. असा विनोद साधावयास मन फार स्वच्छ असावे लागते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची जागा निबंधात दुसरीच आहे. ज्या उपदेशकाच्या प्रवचनास थोरोचे वडील जात, पण तो स्वतः कधी जात नसे, त्याच्या योगक्षेमासाठीची पट्टी एकदा त्याच्याकडे मागण्यात आली. त्याने नाकारली. शेवटी त्याला गावच्या कारकुनाकडे लिहून द्यावे लागले की, ज्या मंडळात मी स्वतःहून सामील झालो नाही त्याचा सभासद म्हणून माझी गणना होऊ नये. जेथे आपण कधी सही करून आत गेलो नाही, तेथून बाहेर पडण्यासाठी मात्र सही करावी लागते! आणि तो पुढे म्हणतो की अशा सर्व मंडळांची यादी मिळाली असती तर त्या सगळ्यांतून मी नाव काढून घेतले असते. यादी कोठे मिळेना. मूक संमतीच्या सिद्धांतावर इतकी मार्मिक टीका ह्यूमच्या गलबतातही नाही. ह्यूम म्हणतो, बाहेर समुद्र आहे. थोरोचा अनुभव असा की दार आहे, पण ते कोणत्या भिंतीत आहे हे कोणी सांगत नाही.

तरीही तो सरसकट सर्व काही नाकारणारा मनुष्य नव्हता. त्याने रस्तेपट्टी कधीच बुडविली नाही, कारण चांगला शेजारी होण्याची त्याची इच्छा होती. त्याच्या मनात लॉक होता असा आमचा दावा नाही. परंतु राजरस्त्यावरून चालणारा संमती देतो म्हणणाऱ्यास याहून नेमके उत्तर संभवत नाही. रस्त्याचे दाम रस्त्याला चुकते केले. आता रस्त्यावरून चाललो म्हणून युद्धास माझी संमती धरू नका. शेजारधर्म आणि राज्यनिष्ठा यांची अशी फारकत करणे ही थोरोची खरी कमाई आहे. निबंधाच्या शेवटी, शेजाऱ्याची कर्तव्ये पार पाडून राज्यापासून अलिप्त राहणाऱ्या चार माणसांना सुखाने राहू देईल अशा राज्याचे जे चित्र तो रंगवितो, ते याच फारकतीतून निघाले आहे.

आता उणे. एका रात्रीच्या तुरुंगवासावर उभारलेले हे एवढे मोठे नाव पाहून कित्येकांना हसू येते. त्याचा मित्र इमर्सन याला ती कृती हिणकस वाटली होती, असे ऑल्कटच्या रोजनिशीवरून दिसते. आम्हांस रात्रींची संख्या महत्त्वाची वाटत नाही. सुटका कशी झाली, हे महत्त्वाचे वाटते. कोणीतरी मध्ये पडले आणि पट्टी भरली, एवढेच थोरो लिहितो. भरणारी व्यक्ती बहुधा त्याची आत्या मारिया होती, असा चरित्रकारांचा समज आहे. निबंधात तिचे नाव नाही, आणि उपकाराचा शब्द तर नाहीच. उलट जे लोक आपल्या माणसाला तुरुंग घडू नये म्हणून त्याची पट्टी भरतात, त्यांनी खाजगी भावनांमुळे सार्वजनिक हिताला कसा बाध येतो याचा विचार केलेला नसतो, असा एक कठोर शेरा त्यात आहे. तत्त्व म्हणून तो शेरा खोटा नाही. परंतु अंधार पडल्यावर पैसे घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेलेल्या त्या बाईचे चित्र डोळ्यांसमोर आले की आम्हांस दुसरेच एक चित्र आठवते : पहाटेच्या अंधारात पैशाची व्यवस्था करून आलेला, आणि मित्राची झोप मोडू नये म्हणून उशाशी बसून राहिलेला क्रिटो.

दोन्ही कृतींत मनुष्य आणि राज्य यांच्यामध्ये अशी एक तिसरी व्यक्ती उभी आहे. तिला तत्त्वाचे काही नको. तिला आपला माणूस जिवंत आणि मोकळा हवा. सॉक्रेटिसाने तिचे पैसे नाकारले, थोरोला नाकारण्याची संधीच मिळाली नाही. पण तिची संमती दोघांनीही विचारली नाही. संमतीविषयी इतक्या सूक्ष्मपणे बोलणाऱ्या या दोन थोर पुरुषांच्या ध्यानात ही गोष्ट येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते. आणि नवल वाटावयास नको हेही कळते. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. त्या सहा वर्षांच्या शिक्षेविषयी मराठीत जितके लिहिले गेले आहे, त्याच्या शतांशानेही त्या घरातील मौनाविषयी लिहिले गेलेले नाही.

या दोन परंपरा पुढे एकत्र आल्या त्या आपल्या डोळ्यांसमोरच्या इतिहासात. गांधीजींनी १९०७ साली दक्षिण आफ्रिकेत आपल्या पत्रातून थोरोचा परिचय करून दिला, आणि पुढच्याच वर्षी ‘अपॉलॉजी’चा गोषवारा गुजरातीत छापला, १९१० मध्ये मुंबई सरकारने तो जप्त करण्याजोगा ठरविला. तेवीस शतकांपूर्वीच्या खटल्यातील भाषणाची सरकारला भीती वाटावी, यापेक्षा त्याच्या जिवंतपणाचा मोठा दाखला कोणता? अन्याय्य कायदा उघडपणे मोडावा आणि शिक्षा टाळू नये, या सत्याग्रहाच्या सूत्रात थोरोचा नकार व सॉक्रेटिसाचे तुरुंगात थांबणे दोन्ही आहेत. मार्टिन ल्यूथर किंगच्या १९६३ मधील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील पत्रातही सॉक्रेटिसाचे स्मरण आहेच. यावर पुष्कळ लिहिले गेले असल्याने आम्ही येथे थांबत नाही.

मराठीत थोरो आणला तो दुर्गाबाई भागवत यांनी. ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा त्यांचा अनुवाद १९६५ चा. निसर्गावर प्रेम करणाऱ्या लेखिकेने निसर्गावरचे पुस्तक अनुवादिले, अशीच त्याची तेव्हा नोंद झाली असणार. दहा वर्षांनी, आणीबाणीच्या अमलात, कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्याविषयी बोलल्या, आणि आजारी जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून उभे राहून प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी केले. सभा उभी राहिली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. त्या उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांपैकी बहुतेकांनी एक शब्दही उच्चारला नसेल. वार्षिक सभेतील ठरावाच्या वेळचे मौन आणि हे मौन कानांना सारखेच. पण पहिल्यात माणसे बसलेली असतात. थोरोचा अनुवाद करणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या पुस्तकाच्या पानांइतकेच त्या सभेच्या वृत्तान्तातून समजले.

शेवटी पुन्हा क्रिटोकडे यावयास हवे, कारण ज्या संवादाला त्याचे नाव दिले आहे त्यात त्याच्या वाट्याला शेवटी फारच थोडे येते. कायद्यांचे भाषण संपल्यावर सॉक्रेटीस म्हणतो की, बासऱ्यांच्या नादाने भारलेल्या उपासकांना जसे दुसरे काही ऐकू येत नाही, तसे हे शब्द माझ्या कानांत घुमत आहेत. तरीही तुला काही सांगावयाचे असेल तर सांग. क्रिटो उत्तरतो की मला काही सांगावयाचे नाही. टीकाकारांनी यास क्रिटोची खात्री पटली असे म्हटले आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्याची ती दृष्टी झाली. ज्याच्या कानांत दुसरे काही शिरणार नाही असे त्याने आधीच सांगून ठेवले आहे, त्याला काय सांगावयाचे?

क्रिटोची खात्री पटली नव्हती, हे प्लेटोनेच ‘फीडो’मध्ये दाखविले आहे. अखेरच्या संध्याकाळी विषाचा पेला आणण्याची वेळ झाली, तेव्हा तत्त्वज्ञांच्या त्या मेळाव्यात एकटा क्रिटो म्हणतो की, ऊन अजून डोंगरांवर आहे, सूर्य मावळलेला नाही, घाई कशाला, इतर लोक किती तरी उशीर करतात. सॉक्रेटीस ऐकत नाही. क्रिटो जवळच उभ्या असलेल्या नोकराला खूण करतो. विष घेतल्यावर त्याला रडू आवरत नाही, तो उठून दूर जातो. मग सॉक्रेटिसाचे शेवटचे शब्द त्यालाच उद्देशून येतात : वैद्यदेवतेला एक कोंबडा देणे आहे, विसरू नका. तसे होईल, असे क्रिटो सांगतो, आणि विचारतो, आणखी काही सांगावयाचे आहे का, पाहा. या वेळी उत्तर येत नाही. क्रिटो पुढे होतो, आणि त्याचे तोंड व डोळे मिटतो.